च. चि. की च. वि.? संदर्भलेखनाची एकच रीत ठरविण्याची गरज

काही वर्षांपूर्वी आमचा ग्रहणीवरील एक लेख एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखात आम्ही ग्रहणीदोषचिकित्सेचा आधार 'च. चि. १५' असा दिला होता. छापून आला तो 'च. वि. १५'. अंक हाती आल्यावर ही चूक आमच्याही लक्षात आली नाही. पंधरा दिवसांनी एका ज्येष्ठ वैद्यराजांचे पोस्टकार्ड आले. विमानस्थानात पंधरावा अध्याय कोणत्या प्रतीत सापडला ते कळवावे, एवढीच त्यात विचारणा होती. चरकसंहितेचे विमानस्थान आठ अध्यायांचे आहे, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आम्ही शरमलो, दिलगिरीचे पत्र पाठविले आणि विषय संपला असे समजलो. परंतु तो संपला नव्हता. पुढे दुसऱ्या एका लेखकाच्या लेखात आम्हांस तोच 'च. वि. १५' जसाच्या तसा आढळला. त्यांनी मूळ ग्रंथ न उघडता आमचा लेख उघडला होता, हे उघड होते. आमच्या लेखातील एका अक्षराच्या चुकीला अशा रीतीने ग्रंथाधाराची प्रतिष्ठा मिळाली.

हा दोष जुळाऱ्याचा, मुद्रितशोधकाचा की आमचा, हा प्रश्न गौण आहे. 'चि' आणि 'वि' यांत फरक तो किती! ज्या पद्धतीत एका रेघेच्या फरकाने चिकित्सास्थान विमानस्थान होते आणि कोणासही पत्ता लागत नाही, ती पद्धतच दुर्बल म्हटली पाहिजे. आपण सर्व वैद्यमंडळी संदर्भ कसा लिहितो आणि तो कसा लिहावा, याविषयी चार गोष्टी या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. तथापि फार्मसी चालविणाऱ्या बांधवांनी तो आपला नव्हे म्हणून पान उलटू नये. त्यांचा संबंध आमच्याहून अधिक निकटचा आहे, तो पुढे येईलच.

संदर्भ देणे ही आपल्या शास्त्रास परकी गोष्ट नाही. चरकाने सिद्धिस्थानाच्या अखेरच्या अध्यायात छत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या, सुश्रुताने उत्तरतंत्रात बत्तीस. त्यांतील अतीतावेक्षण म्हणजे मागे सांगितलेल्याकडे निर्देश, अनागतावेक्षण म्हणजे पुढे सांगावयाच्या विषयाकडे निर्देश, आणि अनुमत म्हणजे दुसऱ्याचे मत न खोडता स्वीकारणे. आजच्या भाषेत हे संदर्भलेखनच होय. डल्हणासारखा टीकाकार जेज्जट, गयदास यांची मते नावानिशी सांगतो. कोणाचे काय आणि आपले काय, हे वेगळे ठेवण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. ढिलाई आली ती आपल्या पिढ्यांत.

ही ढिलाई कोठे कोठे आहे ते पाहू.

पहिली अडचण आद्याक्षरांची. 'सु.' म्हणजे सुश्रुत आणि 'सू.' म्हणजे सूत्रस्थान. येथे भेद केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा. 'शा.' म्हणजे शारीरस्थान की शार्ङ्गधर? 'नि.' म्हणजे निदानस्थान की निघंटू? 'सि.' म्हणजे सिद्धिस्थान की सिद्धयोगसंग्रह? 'वा.' असे लिहिणाऱ्यास अष्टांगहृदय अभिप्रेत असते की अष्टांगसंग्रह, हे तोच जाणे. लिहिणाऱ्यास अर्थ ठाऊक असतो, म्हणून त्याला संदिग्धता जाणवत नाही. वाचणाऱ्यास मात्र अनुमान करावे लागते.

दुसरी अडचण आकड्यांची. 'च. चि. १/६२' असा संदर्भ आपण नेहमी पाहतो. परंतु चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात चार रसायनपाद आहेत आणि प्रत्येक पादाचे श्लोकांक स्वतंत्र आहेत. पहिल्या पादातील बासष्टाव्या श्लोकापासून च्यवनप्राश सुरू होतो. तिसऱ्या पादात त्याच क्रमांकाच्या आसपास शिलाजतुरसायनाचे विवेचन चालू असते. पाद न लिहिता संदर्भ दिला तर वाचक च्यवनप्राश शोधावयास जाऊन शिलाजतूपाशी पोचेल. दुसऱ्या, वाजीकरणाच्या अध्यायाचेही असेच चार पाद आहेत.

तिसरी अडचण प्रतींची. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली, १९४१ साली निर्णयसागरने छापलेली चक्रपाणिटीकेसह चरकसंहिता आपल्याकडे सामान्यतः प्रमाण मानली जाते. तीत अर्शचिकित्सा चौदाव्या अध्यायात आहे. बंगालमधील काही छापील प्रतींत मात्र चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम निराळा असून अर्श राजयक्ष्म्यानंतर लगेच येतो. मग प्रत न सांगता दिलेला अध्यायांक निम्माच संदर्भ ठरतो. श्लोकांकही प्रतीगणिक थोडे मागेपुढे होतात, हे ज्याने दोन प्रती शेजारी ठेवून वाचल्या त्यास सांगणे नको.

चौथी अडचण मूळ आणि टीका यांच्या मिश्रणाची. चक्रपाणीचे म्हणणे चरकाच्या नावावर आणि अरुणदत्ताचे वाग्भटाच्या नावावर सर्रास खपविले जाते. हेतू वाईट नसतो. लिहिण्याच्या पद्धतीत टीकेसाठी जागाच नसते, म्हणून असे घडते.

आता फार्मसीचालकांकडे वळू. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषध म्हणजे पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणे तयार केलेले औषध. १९४५ च्या नियमांतील नियम १६१ अन्वये वेष्टनावर घटकांची यादी, त्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे, वापरलेला भाग व प्रमाण यांबरोबरच निर्माणपद्धतीचा ग्रंथाधार, अधिकरणासह, देणे आवश्यक आहे. म्हणजे वैद्याच्या लेखात संदर्भ चुकला तर पोस्टकार्ड येते. वेष्टनावर चुकला तर औषध निरीक्षक येतो.

शिवाय येथे प्रश्न केवळ कागदाचा नाही. फलघृत या एकाच नावाचा पाठ अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात चौतिसाव्या अध्यायात आहे आणि शार्ङ्गधराच्या मध्यमखंडात नवव्या अध्यायातही आहे. दोहोंचे घटक तंतोतंत एक नाहीत. सितोपलादी चूर्ण चरकाच्या राजयक्ष्माचिकित्सेत आहे, शार्ङ्गधराच्या चूर्णाध्यायात आहे आणि भारतीय आयुर्वेदिक औषधसूचीतही आहे. परवान्याच्या अर्जात एक ग्रंथ, वेष्टनावर दुसरा आणि माहितीपत्रकात तिसरा, असा प्रकार आम्ही स्वतः एका लहान फार्मसीत पाहिला आहे. मालक प्रामाणिक होते, औषध उत्तम होते. अर्ज सल्लागाराने लिहिला, वेष्टन छपाईवाल्याकडे जुळले आणि माहितीपत्रक पुतण्याने संगणकावर केले. तिघांनी तीन ठिकाणांहून आधार उतरविला. तो एकाच ठिकाणी लिहिलेला असता आणि तेथून तिन्हीकडे गेला असता, तर ही विसंगती उद्भवलीच नसती.

'एकदा लिहावे आणि तेथून सर्वत्र जावे' हीच कल्पना संगणकावर शास्त्रीय लेखन करणाऱ्यांनी गेल्या चाळीस वर्षांत विकसित केली आहे. आम्ही तिचा यथाशक्ति अभ्यास केला, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८५ च्या सुमारास लेटेकबरोबर वापरावयाचे बिबटेक हे साधन आले. त्यात ग्रंथांची यादी वेगळ्या धारिकेत ठेवावयाची आणि लेखात फक्त त्या ग्रंथाची खूण लिहावयाची. छापताना पूर्ण संदर्भ संगणक भरतो. २००३ मध्ये कार्स्टन डोमिनिक यांनी ऑर्ग-मोड आणि २००६ मध्ये जॉन मॅकफार्लेन यांनी पॅनडॉक निर्माण केले. या दोहोंत लेख साध्या मजकुरात, म्हणजे ठळक-तिरप्या अक्षरांची आणि फाँटची कोणतीही सजावट नसलेल्या अक्षरांत लिहिला जातो आणि त्यावरून छापील पान, संकेतस्थळाचे पान किंवा वर्डची धारिका निर्यात करता येते. डोमिनिक हे खगोलशास्त्रज्ञ आणि मॅकफार्लेन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. संगणक हा त्यांचा मूळ विषय नव्हे. आपापल्या शास्त्राचे लेखन नीट व्हावे म्हणून त्यांनी ही साधने घडविली, हे आपण ध्यानात घ्यावे.

ऑर्ग-मोडमध्ये संदर्भलेखनाची अधिकृत रीत २०२१ साली, म्हणजे साधन जन्मल्यानंतर अठरा वर्षांनी आली. घाईने ठरविलेली खूण पुढे सर्वांच्या गळ्यात पडते, म्हणून पुष्कळ विचार झाला. ठरले ते साधे आहे. चौकटी कंस उघडावा. '@' या चिन्हापुढे ग्रंथाची खूण लिहावी. तिच्या आधी 'पाहा', 'तुलना करा' असे शब्द व नंतर स्थळ लिहिता यावे. अनेक ग्रंथ असल्यास अर्धविरामाने वेगळे करावेत. पॅनडॉकची रीतही जवळपास अशीच आहे. या दोहोंमागील तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते. लेखकाने काय उद्धृत केले तेवढेच सांगावे. ते कसे दिसावे हे छापण्याच्या वेळी ठरावे.

परंतु ही रीत जशीच्या तशी उचलून आपले काम भागणार नाही. ती मुख्यतः पृष्ठांकांच्या जगासाठी घडलेली आहे. एका संदर्भात एकच स्थळ, म्हणजे पान किंवा प्रकरण किंवा श्लोक, असे तिचे गृहीत असते. आपले स्थळ स्थान, अध्याय, पाद व श्लोक असे चार पायऱ्यांचे. शिवाय देवनागरीचे काही सापळे आहेत, ते परक्या साधनकर्त्यास दिसणे शक्य नाही. आम्ही ते अनुभवाने नोंदवितो.

एक, दोन टिंबांचे अपूर्ण विरामचिन्ह आणि विसर्ग. 'चि. १५:४४' लिहावयाचे असता अनेक टंकलेखक आकड्यांमध्ये विसर्ग उमटवितात. डोळ्यांस दोन्ही सारखे. संगणकास दोन वेगळी अक्षरे. म्हणून हे चिन्ह संदर्भात वापरूच नये.

दोन, लाघवचिन्ह आणि शून्य. जुन्या संस्कृत-हिंदी छपाईत आद्याक्षरापुढे टिंबाऐवजी लहान वर्तुळ असे. आज ते शून्य म्हणून टंकले जाते. 'च०चि०१५' यातील शेवटचे वर्तुळ यंत्र आकडा समजते आणि पंधराचे शून्य-पंधरा होते. म्हणून आद्याक्षरे टाळून ग्रंथाचे नाव पूर्ण लिहावे.

तीन, आडवी रेघ. 'चि. १-४' म्हणजे पहिल्या अध्यायाचा चौथा पाद की अध्याय एक ते चार? एकच चिन्ह दोन कामांस लावू नये.

चार, जुने फाँट. युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेले आपले कित्येक लेख आज उघडले तर निरर्थक अक्षरांची रांग दिसते. साधा मजकूर म्हणजे युनिकोडमधील मजकूर, याविषयी तडजोड नसावी.

या सर्वांचा विचार करून आम्ही अशी रीत सुचवितो. संदर्भ चौकटी कंसात असावा. ग्रंथनाम पूर्ण, '@' चिन्हापुढे. त्यानंतर एक जागा सोडून स्थळ, मोठ्या घटकाकडून लहानाकडे, तिरप्या रेघेने विभागलेले. आडवी रेघ फक्त 'पासून-पर्यंत' या अर्थी. टीका असल्यास टीकाकाराचे नाव शेवटी. उदाहरणार्थ, च्यवनप्राशासाठी [@चरक चिकित्सा/१/१/६२-७४]; ग्रहणीसाठी [@चरक चिकित्सा/१५]; सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायाच्या एखाद्या श्लोकावरील चक्रपाणीच्या मतासाठी [@चरक सूत्र/१/४१ चक्रपाणि]; दोन आधार असल्यास [पाहा @चरक चिकित्सा/८; @शार्ङ्गधर मध्यम/६]. ज्या ग्रंथांत स्थाने नाहीत, अधिकार आहेत, तेथे अधिकाराचे नाव लिहावे. कोणती प्रत वापरली हे लेखात वारंवार लिहिण्याचे कारण नाही. ग्रंथयादीच्या धारिकेत ते एकदाच नोंदवावे.

'चिकित्सा' आणि 'विमान' हे शब्द पूर्ण लिहिले की 'चि' आणि 'वि' यांचा घोटाळा मुळातूनच नाहीसा होतो. आणि लाभ एवढाच नाही. रीत निश्चित असली की तपासणीचे काम यंत्रावर सोपविता येते. चरकाचे अध्याय एकशेवीस : सूत्र ३०, निदान, विमान व शारीर प्रत्येकी ८, इंद्रिय १२, चिकित्सा ३०, कल्प १२, सिद्धि १२. सुश्रुताचे पाच स्थानांचे १२० व उत्तरतंत्राचे ६६. अष्टांगहृदयाचे १२०. शार्ङ्गधराचे तीन खंडांत ७, १२ व १३ मिळून ३२. ही कोष्टके एकदा भरून ठेवली की विमानस्थानाचा पंधरावा अध्याय किंवा शार्ङ्गधराच्या मध्यमखंडाचा चौदावा अध्याय यंत्र क्षणात पकडील. असे कोष्टक तयार करणे हे एखाद्या उत्साही विद्यार्थ्याचे दोन रविवारांचे काम आहे. साधनांत ते बसविण्यास एखादा जाणकार लागेल, परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले-पुतणे त्याच व्यवसायात आहेत.

निर्यातीचा लाभ फार्मसीचालकांस विशेष. प्रत्येक योगाची एक साधी धारिका ठेवावी. तीत पाठ, घटक, प्रमाण आणि ठरलेल्या रीतीने लिहिलेला एकच ग्रंथाधार असावा. त्यावरून परवान्याच्या अर्जासाठी 'चरकसंहिता, चिकित्सास्थान, अध्याय ८' असा विस्तृत संदर्भ निघेल, वेष्टनासाठी संक्षिप्त निघेल आणि परप्रांतीय ग्राहकांसाठी रोमन लिपीत निघेल. दुरुस्ती करावयाची झाली तर एकाच ठिकाणी. असा साधा मजकूर वीस वर्षांनीही कोणत्याही संगणकावर उघडेल. जुळणीच्या सॉफ्टवेअरची धारिका उघडेलच असे नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, आम्ही वैद्य आहोत, आम्हांस हे चिन्हांचे शास्त्र कशाला? आमचे उत्तर असे की, हे शास्त्र आपण रोज वापरतो. चिठ्ठीवर आपण औषधाचे नाव, मात्रा, काळ आणि अनुपान एका ठरलेल्या क्रमाने, अगदी थोड्या अक्षरांत लिहितो आणि औषधालयातील माणूस त्यावरून पुड्या बांधतो. क्रम ठरलेला आहे म्हणूनच ते शक्य होते. संदर्भासही असाच एक क्रम द्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्र अध्याय मोजील, परंतु त्या श्लोकात आपण म्हणतो तेच आहे का, हे कसे सांगणार? ते सांगू शकणार नाही, हे आम्ही मान्य करतो. चिकित्सास्थानाचा आठवा अध्यायही आहे आणि विमानस्थानाचाही आठवा आहे. एकाच्या जागी दुसरा लिहिला तर यंत्र दोन्ही मान्य करील. ग्रंथ उघडण्याचे काम वैद्याचेच आहे आणि ते कोणत्याही चिन्हाने टळणार नाही. चांगल्या रीतीने एवढेच होते की, ज्यास ग्रंथ उघडावयाचा आहे तो नेमक्या जागी पोचतो.

आणि तसे पोचता येण्याची गरज आज कधी नव्हे एवढी आहे. अलीकडे तरुण वैद्य संगणकीय संभाषकास प्रश्न विचारून लेख तयार करतात. ते यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने अध्याय आणि श्लोकांक सांगते; ग्रंथ उघडून पाहावे तर कित्येकदा तेथे भलताच विषय असतो. पूर्वी चुकीचा संदर्भ एका लेखातून दुसऱ्यात जाण्यास काही वर्षे लागत. आता एका रात्रीत शंभर लेखांत जाऊ शकतो. त्याला आवर घालण्याचा उपाय एकच दिसतो : प्रत्येक संदर्भ असा लिहावा की वाचणारा तो तत्काळ पडताळू शकेल.

म्हणून आमची संघटनेस विनंती अशी. प्रमाणग्रंथांची नावे आणि प्रत्येकाची एक प्रमाण प्रत ठरविण्यासाठी तीन-चार जणांची लहान समिती नेमावी. तीत एक फार्मसीचालक अवश्य असावा. ठरलेली रीत या त्रैमासिकाच्या 'लेखकांस सूचना' या सदरात छापावी आणि एक वर्षभर, म्हणजे चार अंक, ती ऐच्छिक ठेवावी. या अवधीत ज्या अडचणी येतील त्या वाचकांनी कळवाव्यात. आमच्या सुचविलेल्या चिन्हांपेक्षा अधिक चांगली चिन्हे कोणी सुचविली तर आम्ही ती आनंदाने स्वीकारू. आमचा आग्रह चिन्हांचा नाही, एकवाक्यतेचा आहे. वर्षानंतर मात्र ती सर्वांस बंधनकारक करावी.

ज्या ज्येष्ठ वैद्यराजांनी आम्हांस पोस्टकार्ड लिहिले ते आज हयात नाहीत. त्यांनी तो लेख वाचताना चरक उघडून पाहिला होता, म्हणून चूक सापडली. असे वाचक आता विरळा. निदान जे आहेत त्यांचे काम सुकर करणे एवढे तरी आपल्या हाती आहे. इत्यलम्.